‘सोडू?’ – ‘धर!’

तात्यांनी आतापर्यंत अकरा वेळा सिगरेट सोडली होती आणि एकदाही कोणाला सांगितले नव्हते.

वाचकहो, असा माणूस तुमच्याही घरात किंवा कचेरीत असेल. सकाळी तो मनाशी म्हणतो, ‘बस्स, आजपासून बंद.’ दुपारपर्यंत सगळ्यांवर खेकसतो. संध्याकाळी त्याचे पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळतात, आणि झोपताना स्वतःचीच लाज वाटून तो कूस बदलतो. त्याचा पराभव कोणाला दिसत नाही, कारण त्याची लढाईच कोणाला दिसलेली नसते.

तात्या काचेच्या दुकानात कामाला होते. पुढे दुकान, मागे लांबट खोली. भिंतीकडेने लाकडी घोड्यांवर काचा उभ्या. मधोमध जाड कापड चढवलेले, काच कापायचे टेबल. खिडकीशी कडा घासायचे चाक, आणि त्या चाकावर मावशी. मावशी कोणाच्या मावशी होत्या ते कोणालाच ठाऊक नव्हते. दुकानात येणारे गिऱ्हाईकसुद्धा त्यांना मावशीच म्हणे. काचेची धारदार कड त्यांच्या हाताखालून गेली की लहान मुलाने बोट फिरवावे इतकी गुळगुळीत होई. जीभ मात्र त्यांनी कधी घासून घेतली नव्हती.

तात्यांचा जोडीदार ताडमाड उंच होता, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. खरे नाव हजेरीच्या वहीतच काय ते उरले होते. तात्या बुटके आणि रुंद खांद्यांचे. जिना चढताना तात्या वरच्या बाजूला, उलटे चालत. शिडी खालच्या बाजूला. एकाचा बुटकेपणा आणि दुसऱ्याची उंची अशी जुळून येई की जिन्यातही काच फारशी कलत नसे. वीस वर्षे ही जोडी अशीच चालली होती.

मोठी काच उचलणाऱ्यांचे बोलणे ठरलेले असते.

“धरली?”

“धरली.”

“उचलू?”

“उचल.”

आणि काच जागेवर टेकली की शेवटचे, सगळ्यांत महत्त्वाचे –

“सोडू?”

“सोड.”

‘सोड’ ऐकू आल्याशिवाय हात काढायचा नाही. नाकावर माशी बसो, घरून फोन येवो, हात काढायचा नाही. हा नियम मोडणाऱ्याबरोबर दुसऱ्यांदा कोणी काच उचलत नाही.

काचेच्या बाबतीत एवढे काटेकोर असलेले हे दोघे मागच्या दाराशी उलट्या खोक्यांवर बसून दिवसाला दहा-बारा वेळा धूर काढत. जुन्या डब्याचे झाकण ही त्यांची राखदाणी. ते झाकण कधी रिकामे दिसले नाही.

मालकीणबाई ओरडत, “अहो, सोडा ती सिगरेट!”

शिडी म्हणे, “सोडतोच की बाई. हा बघा, सोडला!” आणि मोठा भपकारा हवेत सोडी. तात्या हसत. हसता हसता खोकत.

त्या खोकल्याने एक दिवस घात केला.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे आडोशाची काच बसवायची होती. पहिला मजला नीट पार पडला. दुसऱ्या मजल्याच्या चौथ्या पायरीवर तात्यांच्या छातीत काहीतरी खवखवले. त्यांनी ओठ मिटून ते दाबले. पाचव्या पायरीवर ते उसळून आलेच. डोळ्यांपुढे अंधारी आली, बोटे सैल पडली. काचेचे वरचे टोक सुटून खाली आले, एक कोपरा पायरीवर आपटला आणि तडकला. सगळा भार शिडीने छातीवर आणि हातावर झेलला. तो मागे कोसळला असता तर काय झाले असते, हे लिहायला माझा हात धजत नाही. पण तो भिंतीला पाठ लावून तसाच उभा राहिला. मनगटाच्या वर त्याचा हात चार बोटे फाटला होता.

दातांच्या डॉक्टरांनीच त्याला टाके घातले. सात टाके.

“आयुष्यात पहिल्यांदा हिरड्या सोडून दुसरं काहीतरी शिवतोय,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तात्यांकडे पाहिले. “आणि तुमचा हा खोकला किती दिवसांचा? छाती तपासून घ्या. आजच.”

शिडी तात्यांना रागावला नाही. वाटेत तो फक्त एवढेच म्हणाला, “तात्या, तुम्ही ‘सोडू’ म्हणाला नाहीत.”

वीस वर्षांत तात्यांना कोणाचे बोलणे इतके लागले नव्हते.

छाती तपासून झाली. काही भयंकर निघाले नाही. “पण हे असंच चालू ठेवलंत तर निघेल,” असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. दुकानात मालकीणबाईंनी दोघांना समोर उभे केले.

“महिन्याभराने वाचनालयाचं काम आहे,” त्या म्हणाल्या. “वाचायच्या खोलीची मोठी काच. तिसरा मजला, आणि लिफ्टमध्ये ती मावत नाही. तोवर शिडीचा हात बरा होईल. तात्या, तुमचा खोकला तसाच राहिला तर मी तुम्हाला कापायच्या टेबलावर बसवणार. शिडीला दुसरा जोडीदार देईन. मला दोघंही जिवंत हवे आहात.”

तात्यांनी मान हलवली. कापायचे टेबल वाईट नव्हते. सावलीतले, बसून करायचे काम. पण शिडीच्या वरच्या बाजूला दुसराच कोणी उलटा चालतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि ते त्यांना बघवेना.

मधल्या सुट्टीत दोघे सवयीने मागच्या दाराशी गेले. खोक्यांवर बसले. तात्यांनी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

“तुला म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “मी आजवर अकरा वेळा सोडून बघितली.”

शिडी त्यांच्याकडे बघतच राहिला. “काय सांगता! मी सात वेळा.”

“कधी?”

“मागच्या उन्हाळ्यातच. पोट बिघडलंय म्हणून तुम्हाला टाळत पाच दिवस हात लावला नव्हता. सहाव्या दिवशी तुम्ही म्हणालात, चल रे, दोन झुरके मारू. तुम्हाला नाही कसं म्हणणार?”

“अरे देवा!” तात्यांनी कपाळाला हात लावला. “त्या दिवशी माझा तिसरा दिवस होता! तुझा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून तुझ्यासाठी मी उठलो!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हसावे की रडावे, दोघांनाही कळेना.

“धन्य आहे तुमची!” दारातून आवाज आला. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “एकमेकांचे पाय ओढायला दोघं, आणि चढायला एकेकटे!”

“मावशी, ही मनाची गोष्ट आहे,” तात्या म्हणाले. “ज्याची त्यानेच करायची असते. दुसऱ्याला कशाला त्रास?”

“बरं. मग वाचनालयाची काच एकट्याने उचला. दुसऱ्याला कशाला त्रास?”

“ते वेगळं. ती जड असते.”

“आणि ही हलकी आहे? अकरा वेळा हातातून पडली ती?” मावशी खोक्याच्या कडेवर टेकल्या. “अरे, जड वस्तू एकट्याने उचलणाऱ्याला आपल्या दुकानात शूर म्हणत नाहीत, मूर्ख म्हणतात. सोडायची असं ठरवलं आणि जोडीदाराला सांगितलं नाही, म्हणजे काय केलंत? न विचारता हात काढलात. दोघांनीही!”

शिडी ओशाळला. पण तात्यांना बोलणे झोंबले होते. ते म्हणाले, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मावशी, तुमच्या कमरेच्या डबीत काय असतं?”

मावशींचा हात कमरेकडे गेला. त्या डबीत तपकीर असे. तासातासाला चिमूटभर नाकात ओढून त्या अशा शिंकत की घोड्यांवरच्या काचा किणकिणत. ‘तपकीर म्हणजे काही सिगरेट नव्हे,’ असे त्या चाळीस वर्षे म्हणत आल्या होत्या.

त्यांनी डबी कमरेतून काढली. झाकण उघडले, वास घेतला, झाकण लावले.

“तंबाखूच ती,” त्या हळूच म्हणाल्या. “ओढली काय नि हुंगली काय. खरं आहे तुझं.” आणि डबी राखदाणीशेजारी ठेवली. “चला, मीपण धरते तिसरं टोक.”

तिथेच नियम ठरला. ‘मी सोडली’ अशी फुशारकी कोणी मारायची नाही. तलफ आली की पाकिटाला हात लावण्याआधी जोडीदाराला विचारायचे, “सोडू?” म्हणजे – धरलेला निश्चय सोडू का? आणि जोडीदाराने हातातले काम ठेवून एकच उत्तर द्यायचे, “धर!” नुसते उत्तर देऊन पळायचे नाही. तलफ उतरेपर्यंत बरोबर राहायचे. दातांचे डॉक्टर टाके बघताना म्हणालेच होते, “तलफ ही दारावरची पाहुणी असते. बसायला सांगितलं नाही तर थोड्या वेळाने जाते. आणि नाहीच गेली तर छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे जा, त्यावरही औषधं आहेत.”

पहिला आठवडा दुकानाने कसा काढला ते दुकानालाच ठाऊक! तात्या गिऱ्हाइकाच्या आरशाचे माप घेता घेता एकदम ओरडत, “सोडू?” आणि मागच्या खोलीतून दोन आवाज एकदम येत, “धर!” गिऱ्हाईक दचकून आपला आरसा छातीशी घट्ट धरी. मावशी एकदा दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. शिडीने विचारले, “मावशी, रागावलात?” तर म्हणाल्या, “नाक रागावलंय. मी बरी आहे.” तात्या झाडू मारत, मग पुन्हा तीच जागा झाडत. शिडी पाणी पिऊन पिऊन फुगला. पण तलफ एकाला आली की दुसरा हजर असे. आठ दिवस! तात्यांनी एकट्याने इतका पल्ला कधीच गाठला नव्हता.

नवव्या दिवशी सुट्टी होती.

घरी तात्यांची बायको आणि मुलगी खरेदीला गेल्या होत्या. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी सिगरेट पेटवली आणि तो वास खिडकीतून आत आला. तात्यांनी खिडकी लावली. वास आतच राहिला. ते पाणी प्यायले. त्यांनी वर्तमानपत्र उलटे-सुलटे चाळले, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्यांना नियम आठवला. त्यांनी शिडीला फोन लावला.

फोन शिडीच्या बायकोने उचलला. “ते अंघोळीला गेलेत. काही निरोप आहे का, तात्या?”

“ताई, तेवढं दारातूनच विचारा त्याला. म्हणावं, तात्या विचारतायत, सोडू का?”

“सिगरेट? अहो, हे काय विचारणं झालं!” तिचा आवाज आनंदाने भरून आला. “सोडा की! आत्ताच्या आत्ता सोडा! आम्ही सगळे कधीपासून हेच म्हणतोय. सोडा, तात्या, सोडा!”

वाचकहो, वीस वर्षे ज्या शब्दावर हात उघडायची सवय, तो शब्द असा चार वेळा कानावर पडला. तात्यांचा हात उघडला. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दुकानदारापुढे बोट उभे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितले.

शिडी संतापला. “ओढलीत? विचारलं का नाहीत?”

“विचारलं! फोन केला. तुझ्या घरूनच ‘सोड’ आलं!”

“माझ्या घरून?”

सगळा प्रकार उलगडला तेव्हा शिडीचे तोंड उघडेच राहिले. मग त्याच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. मग तात्यांना हसू फुटले. मावशी चाक थांबवून पदराने डोळे पुसायला लागल्या. आतून मालकीणबाई धावत आल्या. त्यांना वाटले, पुन्हा काच फुटली.

हसू ओसरल्यावर मावशी म्हणाल्या, “त्या पोरीची काही चूक नाही. तिच्या भाषेत ‘सोडा’ म्हणजे ‘ओढू नका’. आपल्या भाषेत ‘सोड’ म्हणजे ‘हात काढ’. आपली भाषा तिला शिकवली कोणी? काय रे शिडी, घरी सांगितलं होतंस?”

शिडीने मान खाली घातली. “नाही.”

“आणि तू, तात्या?”

“म्हटलं, जमलं तर सांगू. नाही जमलं तर उगाच हसू व्हायला नको.”

“झालं! म्हणजे दुकानात तिघांनी धरलंय आणि घरची बाजू अधांतरी! मोठ्या काचेला चारही बाजूंनी हात लागतात, एवढं तुम्हाला मी सांगायचं?”

त्या संध्याकाळी तात्या घरी गेले आणि जेवायच्या आधी बायकोला आणि मुलीला समोर बसवले. बोलायला अवघड जात होते. काच हातात असती तर सोपे गेले असते.

“मी सिगरेट सोडायला बघतोय,” ते म्हणाले. “काल घसरलो. याआधी अकरा वेळा प्रयत्न केला होता. तुम्हाला माहीत नाही.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आम्हाला अकराही वेळा कळलं होतं.”

“काय?”

“तुम्ही सकाळी चहाच्या कपावर चिडलात की आई मला खुणेने सांगायची, सोडलीय वाटतं. मग आम्ही चार दिवस जपून बोलायचो. आणि मग एक दिवस तुम्ही एकदम गोड बोलायला लागायचात. आम्हाला कळायचं, गेलं परत.” तिचा आवाज जरा कापला. “त्या गोड बोलण्याचं मला फार वाईट वाटायचं.”

“मग बोलला का नाहीत काही?”

“तुम्ही सांगितलं नव्हतं ना,” बायको म्हणाली. “तुम्ही लपवत होतात, म्हणून आम्हीही लपवलं. वाटलं, विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल.”

आयुष्यभर काच हाताळणाऱ्या या माणसाला आपले मन मात्र भिंत वाटत होते. ते पहिल्यापासून आरपार दिसत होते. पलीकडे दोन माणसे हात पुढे करून उभी होती, आणि यांनी कधी ‘धरली?’ म्हणून विचारलेच नव्हते.

त्यांनी दोघींना नियम सांगितला. मुलीने लगेच सराव मागितला. तात्यांनी घसा साफ करून विचारले, “सोडू?” आणि मायलेकी एवढ्या मोठ्याने “धर!” म्हणाल्या की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

शिडीची बायको आधी हिरमुसली. “माझ्यामुळे ओढली त्यांनी?” असे तीनतीनदा विचारत राहिली. मग तिने असा विडा उचलला की विचारू नका. तात्यांचा फोन वाजला की ती ‘हॅलो’ म्हणायच्या आधी ‘धरा!’ म्हणू लागली. एकदा तात्यांनी फक्त हातोडी शिडीच्या पिशवीत राहिली का, हे विचारायला फोन केला होता. तरीही त्यांना पाच मिनिटे धरून राहावे लागले.

महिना झाला. शिडीच्या हातावरची खूण गुलाबी झाली. वाचनालयाच्या दारात काच उतरली. दाराएवढी उंच, दारापेक्षा रुंद. मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. मावशीही आल्या, कड त्यांनी घासलेली होती म्हणून. आज काय ठरायचे आहे ते सगळ्यांना माहीत होते.

“धरली?”

“धरली.”

“उचलू?”

“उचला, तात्या.”

पहिला मजला झाला. दुसरा झाला. तात्यांचा श्वास पूर्वीसारखा फाटत नव्हता. पण वीस वर्षांचा धूर एका महिन्यात जात नसतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत तीच जुनी खवखव उठली.

मागच्या वेळी तात्यांनी ओठ मिटले होते. या वेळी त्यांनी तोंड उघडले.

“शिडी, खोकला येतोय. टेकवू?”

“टेकवा. माझी पकड पक्की आहे.”

बरोबर चढत आलेल्या मावशींनी झटकन पिशवीतले दोन लाकडी ठोकळे काचेखाली सारले. काच टेकली.

“सोडू?”

“सोडा.”

तात्यांनी हात काढले आणि भिंतीकडे वळून मनसोक्त खोकून घेतले. पाणी प्यायले. कोणी घाई केली नाही. मग ते परत वळले, हातमोजे घट्ट ओढले आणि म्हणाले, “धरली?”

उरलेल्या पायऱ्या त्यांनी एका दमात चढल्या. काच चौकटीत अशी बसली, जणू तिथेच जन्मली होती. कोणी आपटू नये म्हणून तात्यांनी तिच्यावर खडूची मोठी फुली मारली.

मालकीणबाई जिन्यातूनच बघत होत्या. तात्या त्यांच्यापुढे गेले. “बाई, खोकला पुरता गेला नाही. तुम्ही पाहिलंच. टेबलावर बसवायचं असेल तर...”

“तात्या,” त्या म्हणाल्या, “मला न खोकणारा माणूस नको होता. वेळेवर सांगणारा हवा होता. जोडी तशीच राहील!”

शिडीने आपला टाके पडलेला हात तात्यांच्या खांद्यावर टाकला. मावशींना शिंक आली. तपकिरीची नव्हे, खडूच्या धुळीची. तरीही सगळ्यांनी एका सुरात ओरडून घेतले, “धर!” आणि वाचनालयात वाचत बसलेल्या माणसांनी माना वर करून डोळे वटारले.

आता मागच्या दाराशी ती दोन खोकी अजून आहेत. मधल्या सुट्टीत तिघे तिथे बसतात आणि चहा पितात. राखदाणीच्या झाकणात खिळे असतात, तपकिरीच्या डबीत खडूचे तुकडे. तलफ अजूनही कधीमधी येते. ती आली की सांगतात, लपवत नाहीत.

बंधू-भगिनींनो, व्यसन सोडणाऱ्याला आपण उपदेश पुष्कळ करतो. ‘सोड, सोड’ म्हणून त्याच्या कानाशी ओरडतो. पण त्याच्या हातात केवढे ओझे आहे ते बघत नाही, आणि दुसऱ्या टोकाला हात लावत नाही. जो सोडतो आहे, त्याने लाजू नये. घरी सांगावे, कामावर सांगावे, डॉक्टरांना सांगावे. पडला तर पडलो म्हणून सांगावे आणि पुन्हा उचलावे. आणि ज्याला सांगितले, त्याने हसू नये, रागावू नये; आपले टोक पकडून उभे राहावे. उद्या सकाळी तुमच्या घरात कोणी चहाच्या कपावर उगाच चिडला, तर मुकाट्याने जपून बोलू नका. जवळ बसा आणि विचारा, “सोडताय का? मी धरू?”

सिगरेट सोडायची असेल, तर आधी माणूस धरावा लागतो.